शाळेत सांगून टाकलंय

ती. आई-बाबांस,
सा. न.

समोर बसून बोलले असते तर आईचे डोळे भरले असते आणि माझं सांगायचं राहिलं असतं, म्हणून लिहितेय. पिल्लू बोलताना अडखळतो, हे मी शाळेत सांगितलं. त्याला विचारून, त्याच्यादेखत.

बाबा, ‘वयानं सुटेल, कशाला बभ्रा?’ हे तुमचं म्हणणं लक्षात आहे. लहानपणी अडखळणाऱ्या बहुतेक मुलांचं सुटतंही. पण तो आता नऊ वर्षांचा आहे. इतकं टिकलं की आपोआप जाण्याची शक्यता कमी होते. आणि तो लपवायला शिकलाय हो. ‘प’वर अडतो, म्हणून ‘पाणी दे’ न म्हणता ‘तहान लागलीय’ म्हणतो. वर्गात उत्तर येत असूनही ‘माहीत नाही’ म्हणून खाली बसतो. हे मला बघवेना.

आता काळजी करू नका. बाई त्याचं वाक्य मध्येच पुरं करत नाहीत, थांबतात. क्रमानं वाचन असलं की आपली पाळी येईपर्यंत त्याचा जीव टांगणीला लागायचा. आता तो मित्राबरोबर जोडीनं वाचतो. सुरात सूर मिसळून वाचताना बहुतेक मुलं अडखळतच नाहीत, तोही नाही. तोंडी परीक्षेतून सूट मिळत होती, पण त्यालाच द्यायचीय. वेळ जास्त मिळेल, गुण उत्तराला.

आई, धाकामुळे झालं का, असं पुन्हा विचारू नकोस. एके काळी आईबापांनाच दोष द्यायचे, तो समज केव्हाच मागे पडला. हे बरेचदा घराण्यातच असतं. मामा चारचौघांत गप्प का असायचा, ते तुला मी काय सांगू?

मी शाळेतून आले की बाबा पेपर घडी करून बाजूला ठेवायचे आणि माझी अख्खी बडबड ऐकायचे. बाबा, त्यालाही तेच हवंय. ‘सावकाश बोल’, ‘श्वास घे’ म्हणायचं नाही, शब्द सुचवायचा नाही. तुम्ही मायेनंच म्हणता, पण तो आणखी आवळला जातो. आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका, दोघांनीही.

रविवारी तो स्वतः फोन करणार आहे. मध्येच आवाज थांबला तर ‘हॅलो, हॅलो’ करून ठेवून देऊ नका. ‘आजी’तल्या ‘आ’वर असेल तो.

तुमची,
ताई