सायलेन्सरचे पैसे आणि शेवटचा हप्ता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या आवाजाच्या गाड्यांवर कारवाई झाली की बुलेटचे सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे छापून येतात. रात्री अकरानंतर पुण्याच्या कोरेगाव पार्कातून किंवा बालेवाडीतून गरजत जाणाऱ्या कोटी-दीड कोटीच्या गाड्यांची नळकांडी त्या ढिगात क्वचितच असतात. तो भेदभाव हा वेगळ्या पत्राचा विषय. आमचे म्हणणे त्या गाड्यांच्या मालकांना उद्देशून आहे. बाहेरचा, म्हणजे गाडीच्या कंपनीने न दिलेला एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर) बसवताना ते लाखांत पैसे मोजतात, पण ते कशाचे आणि कोणता पुरावा पाहून, हे विचारत नाहीत. रिवाज असा की एक गोल आकडा ठरतो, निम्मा अ‍ॅडव्हान्स जातो आणि गाडी न्यायला आल्यावर उरलेला निम्मा. आवाज दमदार आला की मालक खूश होऊन पैसे देऊन टाकतो. वास्तविक कामातले दोष त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत बाहेर येतात.

आधी कायदा, कारण अ‍ॅडव्हान्स देण्याआधी तो कळलेला बरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२अ मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९० खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द. किटवर युरोपातल्या मंजुरीची 'ई' खूण आहे म्हणून चालते, असे काउंटरवर सांगितले जाते. ती खूण १९५८ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे आणि भारत त्या करारात नाही. दुसरी पळवाट म्हणजे बिलावरचा 'फक्त ट्रॅक वापरासाठी' हा शिक्का. रेसिंगचे ट्रॅक चेन्नईजवळ, कोइमतूरला आणि ग्रेटर नोएडात. गाडी फिरणार बाणेर रस्त्यावर. या शिक्क्याने दुकानदार मोकळा होतो आणि जबाबदारी सही करणाऱ्याच्या गळ्यात पडते. निर्धोक वाट एकच, ती म्हणजे गाडी बुक करतानाच कंपनीचा स्पोर्ट्स एक्झॉस्ट निवडणे. तो महाग वाटतो, पण मंजुरी आणि वॉरंटी त्याच्यासोबत येते.

तरीही बाहेरचे किट घ्यायचेच असेल, तर कॅट, म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि त्याच्या पुढच्या, म्हणजे इंजिनाकडच्या भागाला हात लावू देऊ नये. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि साधारण २,५०० आरपीएमला ०.२ टक्के, शिवाय लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) १ च्या आसपास ०.०३ इतक्याच फरकात लागतो. कॅट काढलेली गाडी प्रामाणिक मशिनवर यातून पार पडत नाही. मूळ ४०० ते ६०० सेलचा (चौरस इंचात तेवढ्या छिद्रांचा) कॅट काढून २०० सेलचा घातला, तरी मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि पी०४२० किंवा पी०४३० हा बिघाडाचा कोड टाकून डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटवतो. मग सेन्सरला स्पेसर लावून किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) ट्यून करून दिवा विझवायचा धंदा सुरू होतो आणि बिलात 'ट्यूनिंग' नावाची नवी ओळ उगवते.

आता किंमत. परदेशी किटचा दर विचारला की युरोतला आकडा दाखवून 'ड्युटी वेगळी' एवढेच सांगतात. ती कागदावर मांडून घ्यावी. एक्झॉस्टच्या भागांवर मूळ सीमाशुल्क १५ टक्के, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि सगळ्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १०० रुपयांचा माल आधी ११६.५० आणि मग १३७.४७ रुपयांना पडतो. सप्टेंबर २०२५ पूर्वी जीएसटी २८ टक्के होता, तेव्हा हाच आकडा १४९ च्या वर जाई. जुन्याच गुणकाने कोटेशन आले तर तिथल्या तिथे विचारावे. हे १०० रुपयेही नुसत्या मालाचे नसतात, त्यात वाहतूक आणि विमा धरलेला असतो. वाहतुकीतली मेख अशी की हवाई कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि खोक्याच्या आकारावरून काढलेले वजन यांतले जास्त असेल ते धरतात. १५० बाय ८० बाय ४० सेंटिमीटरचे खोके, भागिले ५,०००, म्हणजे ९६ किलोचे भाडे; आत टायटॅनियमचा माल वीसच किलो का असेना. हलक्या धातूने भाडे वाचेल ही समजूत सोडून द्यावी.

स्लोव्हेनियाचा अक्रापोविच, ब्रिटनचा मिलटेक, तैवानचा आर्मीट्रिक्स, जे काही घ्याल त्याचा अनुक्रमांक पक्क्या बिलावर हवा. इथेच पाइप बनवून घेणार असाल तर भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात टिग वेल्डिंगचे चांगले हात मिळतात; प्रश्न धातूचा असतो. 'स्टेनलेस' म्हणून ३०४ ऐवजी हलक्या २०२ ग्रेडची नळी खपवली जाते. चुंबक लावून ४०९ ग्रेड ओळखू येते, कारण तिला ते घट्ट चिकटते. पण २०२ आणि ३०४ या दोन्हींना ते जवळपास चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाच्या प्रयोगाने समाधान मानू नये. नळीचे टेस्ट सर्टिफिकेट मागावे. वाकवलेल्या जागी ३०४ लाही किंचित ओढ लागते, तिने घाबरायचे कारण नाही. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल फिलर (जोडात वितळवायची तार) आणि कंपनीच्या मूळच्या ४०९ पाइपला जोडताना ३०९एल, आणि जोडाच्या आतून आर्गॉन सोडणे हे आलेच. आर्गॉन वाचवला की आतल्या बाजूला साखरेसारखे काळे रवाळ दाणे धरतात आणि काही महिन्यांत तिथेच चीर जाते. बाहेरून वेल्डिंग चकाचक दिसते, म्हणून पाइपच्या टोकाची टोपी बसवायच्या आधी आतून टॉर्च मारून पाहावे. वेल्डिंग शक्यतो पाइप गाडीखालून काढूनच करावे. जागेवर करावेच लागले तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सुटलेली हवी. ती विसरल्याने गेलेल्या कंट्रोल युनिटपुढे एक्झॉस्टची किंमत किरकोळ ठरते.

फिटिंगच्या मजुरीत तास विचारावेत. खालून निघणारा मागचा सायलेन्सर असेल तर तीन-चार तास. पोर्शे ९११ सारख्या मागे इंजिन असलेल्या गाडीत मागचा बंपर उतरवावा लागतो, तिथे अख्खा दिवस धरावा. काही जर्मन गाड्यांत मधला पाइप आणि सायलेन्सर एकसंध येतो आणि नुसता मागचा भाग बदलायचा तर मूळ पाइप कापावा लागतो. कापणार आहात का, हा प्रश्न अ‍ॅडव्हान्सच्या आधी लेखी विचारा. कापलेला पाइप पुन्हा कंपनीसारखा होत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न आला की तोच पहिला दिसतो. भाजून-भाजून कडक झालेले स्टड (ज्यांवर नट बसतात ते बोल्ट) तुटतात, हा गुन्हा नव्हे. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवले तर कमी तुटतात. पण तुटला तर ड्रिल करून नवा बसवण्याचा खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्ये असावे. गॅस्केट आणि सेल्फ-लॉकिंग नट दर वेळी नवेच. जुने गॅस्केट सिलिकॉन लावून बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महागात पडणारा उपाय आहे, कारण सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर निकामी होतो. सेन्सरच्या आधीच्या जोडात गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला मिश्रण पातळ वाटते आणि तो पेट्रोल वाढवतो. मालक म्हणतो मायलेज पडले, दुकानदार म्हणतो तुम्ही जास्त रेस करता.

ड्रोनिंगचे, म्हणजे गाडीत सतत घुमणाऱ्या आवाजाचे दुखणे तर हमखास. आठ सिलिंडरचे इंजिन २,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे १३३ स्फोट करते, म्हणजे १३३ हर्ट्झची घुमघुम. द्रुतगती मार्गावर टॉप गिअरमध्ये शंभरच्या आसपास गाडी नेमकी याच पट्ट्यात चालते, त्यामुळे दुकानाच्या दारात रेस करून ऐकलेला आवाज इथे उपयोगी पडत नाही. यावर इलाज आहे. एका टोकाला बंद असलेली आडवी नळी मुख्य पाइपला जोडतात. तप्त वायूत आवाजाचा वेग सेकंदाला ४८० मीटर धरला, तर तिची लांबी ९० सेंटिमीटरच्या आसपास येते. तेवढी जागा गाडीखाली आहे का, हे आधीच मोजलेले बरे. पाइप आणि अंडरबॉडीत किमान बोटभर अंतर हवे, आणि सर्वांत खालचा बिंदू मूळ सायलेन्सरपेक्षा खाली जाता कामा नये. शास्त्रशुद्ध गतिरोधक १० सेंटिमीटर उंचीचा असतो, आपल्या सोसायट्यांच्या दारातले कोणत्या शास्त्रात बसतात ते त्यांनाच ठाऊक.

म्हणून पैसे तीन टप्प्यांत द्यावेत. ऑर्डर देताना ४० टक्के, किटचे नाव, नंबर आणि कर वेगळे लिहिलेले कोटेशन घेऊन. माल आल्यावर खोके आपल्यासमोर फोडून, व्हॉल्व्हच्या मोटर, क्लॅम्प आणि हँगर मोजून ३५ टक्के. उरलेले २५ टक्के फिटिंगनंतर तीन दिवसांनी. दुकानात स्कॅनरने कोड पुसले की दिवा विझतो, पण त्याच वेळी कॅटची स्वयंतपासणी 'अपूर्ण' होते. दोन-तीन दिवस शहरात आणि हायवेवर चालवल्यावर ती 'पूर्ण' दाखवते किंवा कोड परत येतो. शेवटचा हप्ता या 'पूर्ण'शी बांधावा. त्याच भेटीत गाडी थंड असताना क्लॅम्प पुन्हा टॉर्कने आवळून घ्यावेत, कारण पहिल्या तापण्या-निवण्यात ते हमखास सैल होतात. आवाज आधी आणि नंतर एकाच मीटरने मोजावा: टोकापासून अर्धा मीटर, ४५ अंशांचा कोन, तोच आरपीएम. १० डेसिबल वाढले की कानाला दुप्पट वाटते, आणि शेजाऱ्यांनाही.

रोखीचा आग्रह झाला तर लक्षात ठेवा, एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा, घेणाऱ्याला. देणाऱ्याचे नुकसान वेगळे: कच्च्या चिठ्ठीवर ग्राहक आयोगात उभे राहणे अवघड जाते. पक्के बिल असेल तर जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांची तक्रार घेतो, ५ लाखांपर्यंत फीही नाही, मुदत दोन वर्षे. विमा कंपनीला बदल लेखी कळवला नसेल, तर एक्झॉस्टजवळून लागलेल्या आगीचा दावा कशावरून नाकारतील हे सांगायला नको.

आणि मूळ सायलेन्सर घरी न्यावा. 'ठेवतो आमच्याकडे' याला भुलू नये. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असते आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. काढण्याआधी त्यावरच्या नंबरचा फोटो घ्यावा, नट-बोल्ट आणि हँगरचे रबर वेगळ्या पिशवीत चिठ्ठी लावून ठेवावेत, पाइपची तोंडे कापडाने बांधावीत, नाहीतर पुण्याच्या पार्किंगमध्ये उंदीर आत घर करतात. गाडी विकताना किंवा वॉरंटीसाठी नेताना हीच वस्तू मागितली जाते.

आपले,
एक्झॉस्ट फॅब्रिकेशनच्या कामातले दोघे, भोसरी
(नावे प्रसिद्धीसाठी नाहीत)