विषय: मेळघाटची एक दिवसाची सहल आणि "तुम्ही तर तिकडच्याच ना" हे तुमचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक, सहल विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला शेवटचा फोन केला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे. सहलीत काय काय द्यायचं कबूल केलं होतं ते तुम्हाला नव्याने सांगत नाही, पत्रक तुम्हीच छापलेलं आहे. पावती आणि पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. वाघ दिसला नाही ही माझी तक्रार नाही. दर फोनला मी हे सांगितलं आणि दर फोनला मला ऐकवलं गेलं, "मॅडम, साइटिंगची गॅरंटी नसते."

परतवाड्याला पहाटे साडेचारची वेळ दिली होती. गाडी साडेसहानंतर आली. तोवर माझ्या सासूबाई आणि दोन्ही मुलं थंडीत बसस्टँडच्या बाकावर बसून होती. घटांगवरून सेमाडोहला पोचेपर्यंत चांगलंच ऊन वर आलं होतं. सकाळच्या फेरीतला कामाचा वेळ तिथेच गेला. ड्रायव्हरने माफी मागितली, तुमच्या ऑफिसने अजून मागितलेली नाही.

पत्रकात "अनुभवी निसर्ग अभ्यासक सोबत" असं लिहिलं आहे. तुम्ही पाठवलेल्या माणसाने मुलांना सांगितलं की राज्यातला पहिला व्याघ्र प्रकल्प ताडोबा. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाट होता. ज्या जंगलात आपण उभे आहोत त्याचीच एवढी माहिती नसावी? मुलाने रानपिंगळ्याबद्दल विचारलं. "घुबड आहे ते, रात्रीच दिसतं," असं उत्तर मिळालं. रानपिंगळा दिवसाढवळ्या वावरतो. नामशेष झाला असं धरलं गेलेला हा पक्षी 1997 मध्ये आताच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली, आणि आज त्याचा मोठा आधार हेच जंगल आहे. तुमच्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर त्याचा फोटो आहे. माझा मुलगा तोच फोटो पाहून यायला तयार झाला होता.

सफारीच्या जिप्सीत वनविभागाचा स्थानिक गाईडही होता, कोरकू आदिवासी मुलगा. सिपना नदीच्या काठी त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि एका अर्जुनाच्या झाडाकडे बोट केलं. पांढुरक्या खोडावर खालपासून वरपर्यंत नखांचे ओरखडे होते, काही जुने, काळपट पडलेले, काही ताजे. अस्वल मधाच्या पोळ्यासाठी कसं चढतं, उतरताना नखं कशी घसरतात, हे तो सांगायला लागला. सासूबाई पुढे सरकून ऐकत होत्या. तेवढ्यात तुमचा माणूस म्हणाला, "ते राहू दे रे, वाघ कुठे आहे ते सांग. चल, गाडी घे." तो मुलगा गप्प झाला तो शेवटपर्यंत. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्स्यांनी अडवली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. अशा घाईतूनच ते घडतं.

आता जेवण. पत्रकात लिहिलं आहे: "कोरकू कुटुंबात चुलीवरचं जेवण, कुटकीचा भात, ज्वारीची भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी, ठेचा." आम्हाला मिळाले फॉइलचे डबे. गार पनीर, कातड्यासारखी नान आणि भात. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हे तं परतवाड्याच्या ढाब्यावरचं हाय वं बाई." गाईडने नंतर हळूच सांगितलं की गावातल्या बचत गटाच्या बायकांनी कुटकी कांडून ठेवली होती, आदल्या रात्री तुमच्या ऑफिसातून "उद्या नको" असा फोन गेला. आमच्याकडून चुलीवरच्या जेवणाचे पैसे घेतले आणि त्या बायकांनाही दिले नाहीत. मग ते गेले कुठे?

हेच आज तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाला विचारलं. त्याने पत्ता विचारला. मी दर्यापूर तालुका सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही तर तिकडच्याच ना मॅडम?" मी म्हटलं, हो, अमरावती जिल्ह्यातलीच. तर म्हणतो, "मग तुम्हाला जंगल काय नवीन? आणि भाकर-ठेचा तर तुम्ही रोजच खाता." मी विचारलं, हे कंपनीचं उत्तर समजायचं का? तो म्हणाला, "नाही, मी आपलं सहज म्हटलं. तसं हे पॅकेज मुंबई-पुण्याच्या गेस्टसाठी डिझाइन केलंय." मागे कुणीतरी हसलं, ते मला ऐकू आलं. मग गाणं लागलं आणि फोन कट झाला.

दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा. सपाट काळी जमीन, विहिरीला खारं पाणी, कापूस, तूर, हरभरा. आमच्या मुलांनी रानगवा पुस्तकात पाहिलेला आहे. सासूबाईंनी सगळा जन्म निंदण-खुरपणात काढला, सातपुड्याचं जंगल त्यांनी या सहलीपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि समजा पाहिलं असतं, तरी माणशी 2,800 रुपये मुंबईवाल्यांकडून घ्या नाहीतर दर्यापूरवाल्यांकडून, त्यात काही फरक आहे का? तुमच्या कंपनीबरोबर आमच्या शाळेतल्या बाई गेल्या होत्या, त्यांनी चांगलं सांगितलं म्हणून आम्ही आलो. त्यांना मी काय सांगू?

पुन्हा लिहिते, वाघाबद्दल तक्रार नाही. तक्रार उशिराची, अडाणी मार्गदर्शकाची, न दिलेल्या जेवणाची आणि आजच्या फोनची आहे.

माझ्या मागण्या. चौघांचे पूर्ण पैसे परत. बचत गटाला त्या दिवसाच्या जेवणाचे ठरलेले पैसे, आणि ते दिल्याची पावती मला. फोनवरच्या उत्तराबद्दल सासूबाईंच्या नावाने लेखी माफी. पत्र मिळाल्यापासून 15 दिवस वाट पाहीन. त्यानंतर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. "तिकडच्या" असल्याचा तेवढा फायदा आम्ही घेऊ. फोनवर तडजोडीची बोलणी नकोत, जे काय असेल ते लेखी पाठवा.

तुमची ग्राहक,
(सही)
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती