विषय: 316 स्टेनलेस म्हणून विकलेली गंजकी तार आणि उघडलेल्या रिंगा

ग्राहक सेवा प्रमुख,

काल दुपारी तुमच्या माणसाने चौथ्यांदा माझी बोळवण केली, म्हणून हे लिहितोय. पाकिटावर काय छापलंय ते मी सांगायला नको: '316 स्टेनलेस, 1.2 मिमी, स्प्रिंग टेम्पर, समुद्री वापरासाठी.' शेजारी उसळी घेणारा जिताडा.

मी लाकडी ल्युअर, म्हणजे माशाला फसवायची खोटी मासळी, घरीच बनवतो. पांगाऱ्याचा तुकडा तासायचा, पोटाला चीर पाडायची आणि नाकापासून शेपटीपर्यंत अखंड तार घालायची. लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो, सगळी भिस्त तिच्यावरच. स्प्रिंग टेम्पर, म्हणजे स्प्रिंगसारखी कडक तार वळवताना पक्कडीला झुंजवते. तुमची तार जिथे वाकवली तिथे मुकाट बसली. व्हर्नियर लावला तर 1.02 मिमी! म्हणजे तारेच्या जाडीच्या मापात अमेरिकन 18 गेज. ब्रिटिश 18 गेज 1.22 भरतो. कुठल्या देशाची तार कुठल्या पाकिटात भरता ते एकदा बघा. भाट्याच्या खाडीत दोन फेऱ्या झाल्या आणि आठव्या दिवशी नाकाच्या कडीतून तांबडा ओघळ. एपॉक्सीखाली पाणी शिरून लाकूड फुगलं. सहा ल्युअर गेले.

आता कालचा संवाद.

"सर, लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर 316." मी सांगितलं, बाबा रे, मऊ केलेल्या 304 या साध्या स्टेनलेसलाही तो चिकटत नाही. फरक मॉलिब्डेनमचा आहे, 316 मध्ये ते दोन-तीन टक्के असतं म्हणून ती खारं पाणी सोसते. थोडा वेळ शांतता. मग, "सर, तुम्ही ती खाऱ्या पाण्यात वापरली का?"

हो.

"मीठ लागलं की गंजणारच ना सर. वापरानंतर कोरड्या जागी ठेवा." मी म्हटलं, पाकिटावर समुद्र लिहिलाय. दोन मिनिटं सनई ऐकवली. परत येऊन म्हणाला, "सर, ते चित्र प्रातिनिधिक आहे."

समुद्र प्रातिनिधिक! मग ही तार आकाशकंदिलाला वापरायची का? वर, "आणखी काही मदत करू शकतो का सर?" आणखी! पोराला दोष देत नाही. त्याच्या हातात कागद कोणी दिला, ते तुम्हीच शोधा.

रिंगांचं तर मी काल बोललोच नाही. '30 पौंड' छापलेली स्प्लिट रिंग, म्हणजे ल्युअरला गळ अडकवायची दुहेरी कडी, साधारण दोन किलोच्या तांबोशीने सरळ केली. ती मासळी माझा तिकडी गळ तोंडात घेऊन खडकात गेली. निकेलचा मुलामा निघाला तिथे आत साधं लोखंड. आणि तार 1.02 आहे, 1.2 नाही, हे पुन्हा लिहितो, कारण चारही वेळा कोणी लिहून घेतलं नाही.

सहा वर्षं तुमच्याकडूनच स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कड्या) घेतले, चारचौघांना घ्यायला लावले. आता त्यांना तोंड मला दाखवायचंय.

पंधरा दिवसांत पूर्ण पैसे आणि त्या लॉटचं मटेरियल सर्टिफिकेट पाठवा. नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, आणि मग रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात गंजक्या ल्युअरसकट येतो. तिथे प्रातिनिधिक चित्र तुम्हीच समजावून सांगा.

फोन करायचाच असेल तर ज्याने ही तार कधी हातात धरलीय त्याला करायला सांगा. सकाळी नऊनंतर. त्याआधी मी खाडीवर असतो.

एक ग्राहक, रत्नागिरी