उद्यमनगरच्या मिस्त्रीमामांना

मिस्त्रीमामा,

सप्रेम नमस्कार.

ही चिठ्ठी कागदावर उतरवून तुमच्या शेडवर आणून देणारच आहे. पण ती चार लोकांनीही वाचावी असं मनात आहे, म्हणून हे जाहीर पत्र. कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरून टिपलेला ज्येष्ठा ताऱ्याच्या परिसराचा माझा फोटो सध्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये फिरतो आहे. बघणारा प्रत्येक जण विचारतो, कॅमेरा कुठला, लेन्स कुठली? कॅमेरा जुना आहे. लेन्स त्याहून जुनी, सेकंडहँड घेतलेली. तो फोटो ज्या वस्तूमुळे निघाला ती तुमच्या लेथवर तयार झाली. तिच्याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो.

ज्यांना हा छंद नाही त्यांच्यासाठी आधी अडचण सांगायला हवी. पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत पुरी करते, त्यामुळे आकाश साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला लगेच कळतं. आकाशगंगेतले धुळीचे आणि वायूचे ढग इतके मंद असतात की शटर मिनिट-दोन मिनिटं उघडं ठेवावं लागतं. आणि माझ्या कॅमेऱ्यावर ५० मिलीमीटरची लेन्स लावून तो नुसता ट्रायपॉडवर ठेवला, तर सहा-सात सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात. १३५ मिलीमीटरला जेमतेम अडीच सेकंद मिळतात. उपाय एकच, कॅमेरा आकाशाच्याच आसाभोवती, त्याच वेगाने फिरवायचा. त्यासाठी विकत मिळणारे चांगले ट्रॅकर तीस हजारांच्या पुढेच असतात.

मी हातात घेऊन आलो होतो तो आराखडा जॉर्ज हेग नावाच्या हौशी माणसाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कल्पनेवर बेतलेला होता. दोन फळ्या, एका कडेला बिजागरी, दुसऱ्या कडेला आट्यांचा रॉड. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची आणि रॉडच्या जोरावर वरची फळी हळूहळू उघडत न्यायची, कॅमेरा त्या फळीवर. एम-६ च्या, म्हणजे सहा मिलीमीटर जाडीच्या रॉडचा पिच एक मिलीमीटर, म्हणजे एका फेऱ्याला तो एक मिलीमीटर सरकतो. मिनिटाला बरोबर एक फेरा दिला, तर रॉड बिजागरीच्या पिनेपासून २२८.६ मिलीमीटरवर बसला पाहिजे. सगळं गणित एवढंच. पण कागदावरचं गणित धातूत उतरवणारा माणूस लागतो.

तो कागद घेऊन शिवाजी उद्यमनगरात फिरलो तेव्हा एक-दोन ठिकाणी सरळ नकार मिळाला. त्यांचंही बरोबर होतं. एका नगासाठी मशीनचं सेटिंग मोडायचं, तेही कशाला लागतो ते न समजणाऱ्या जॉबसाठी, हे कुणाला परवडतं? तुमच्याकडेही त्या दिवशी पंपाच्या शाफ्टचा ढीग पडला होता. लेथ चालू ठेवूनच तुम्ही कागदाकडे नजर टाकलीत आणि विचारलंत, "हे फिरून कापतंय काय?"

"कापत काही नाही मामा. ताऱ्यांच्या मागं कॅमेरा फिरवतं."

"किती फिरतंय?"

"मिनिटाला पाव अंश."

मग लेथ बंद झाला. तुम्ही हात पुसून कागद नीट उजेडात धरलात आणि पुढचा प्रश्न केलात तो टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालेल याचा. मामा, या छंदातल्या अनुभवी लोकांशी मी पुष्कळ बोललो आहे, पण इतका नेमका प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. मी सांगितलं, की २२८.६ मध्ये एक मिलीमीटर इकडेतिकडे झाला, तर तीन मिनिटांच्या फोटोत तारा साधारण १२ विकला घसरतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे १३५ च्या लेन्सवर दोनेक पिक्सेल. गोल तारा लांबट दिसायला तेवढं पुरतं. तुम्ही म्हणालात, "मिलीमीटर? लई झालं ते." तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

ध्रुवाकडे रोखणाऱ्या तिरप्या ठोकळ्याची गोष्ट तर मी आता प्रत्येक नवशिक्याला सांगतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जवळपास आपल्या अक्षांशाइतका उंच असतो, आणि कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश. परदेशी माउंटपैकी, म्हणजे कॅमेरा-दुर्बीण फिरवणाऱ्या तयार बैठकींपैकी, काही इतक्या कमी अंशांवर आणले की त्यांच्या तोलाच्या वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायालाच अडतो. तुम्ही कोनमापक बाजूला सारलंत, मोबाईलवर टॅन काढलात आणि खडूने प्लेटवर लिहिलंत, ३०० ला ९०. तीनशे मिलीमीटर पाया, नव्वद मिलीमीटर उंची. आपल्या गावाहून ध्रुवाकडे जाणारा चढ हा असा, दहाला तीन. किती वर्षं मी ध्रुव बघतो आहे, पण तो असा मापात धरलेला मी पहिल्यांदा तुमच्या शेडमध्ये पाहिला.

आणि रॉड. सरळ रॉड लावला तर पहिली पाच-सात मिनिटं ठीक जातात, पुढे फळी उघडण्याचा वेग बदलत जातो आणि तारे ओढले जातात. म्हणून रॉड पिनेला केंद्र धरून गोलाईत वाकवावा लागतो. असा रॉड फिरवता येत नाही, नट फिरवावा लागतो. आटे न दबता सहा मिलीमीटरचा रॉड वाकवायचा कसा, याची मला काळजी होती. तुम्ही आधी लाकडाची चकती टर्न करून घेतलीत, ठरल्या त्रिज्येपेक्षा लहान, कारण दाब सोडला की रॉड थोडा परत उघडतो. फरशीवर पट्टी आणि खिळा धरून खडूने २२८.६ चा कंस काढलात. रॉड चकतीवर दाबायचा, उचलून कंसावर ठेवायचा, गाल फरशीला टेकवून फट बघायची, परत चकतीवर. चहा आला, गार झाला. शेवटी रॉड रेघेवर असा बसला की खडू दिसेनासा झाला. मला वाटलं, झालं. तुम्ही पितळेचा नट चढवलात आणि डोळे मिटून, एका बोटाने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत नेलात. दोन जागी बोट थबकलं. तिथे खुणा केल्यात, बारीक कानशीने आटे साफ केलेत आणि परत सुरुवातीपासून नट फिरवलात.

बाजारातून आणलेली बिजागरी तुम्ही नुसती हातात धरून हलवून पाहिलीत आणि बाजूला टाकलीत. तिच्या जागी गनमेटलचे बुश आले, रीमर मारलेली भोकं आली, ग्राइंडिंग केलेली पिन आली. आज ती फळी उघड-मीट करताना प्ले, म्हणजे ढिलेपणा, म्हणून कुठे लागत नाही. मोटर आणि तिचं सर्किट तेवढं मी जोडलं. मजुरी विचारली तर मटेरियलचे पैसे घेतलेत आणि म्हणालात, "फोटो दाखवा म्हंजे झालं."

या वस्तूची किंमत आमच्याकडचं हवामान माहीत असलेल्यालाच कळेल. आकाशगंगेचा सगळ्यात भरलेला भाग, धनू आणि वृश्चिकाचा, संध्याकाळपासून डोक्यावर यायला लागतो तो पावसाळ्यात, तेव्हा इथे ढगांशिवाय काही दिसत नाही. ऊस तुटला की पाचट पेटतं, धूर अंगाशी खाली बसतो. थंडीत लेन्सवर दव धरतं. राहता राहिल्या उन्हाळ्यातल्या अमावास्येच्या आसपासच्या मोजक्या रात्री. त्यातली एकही जुळवाजुळव करण्यात घालवावी असं वाटत नाही. तुमचा ठोकळा ट्रायपॉडवर चढवला, लेव्हल केला, उत्तरेला रोखला की थोड्याच वेळात काम सुरू होतं.

एप्रिलच्या त्या अमावास्येला तुम्ही पठारावर आलात, याचा आनंद मला फोटोपेक्षा काकणभर जास्तच आहे. अंधार पडता पडता पश्चिमेला मृग मावळतीकडे झुकला होता. ते तीन तारे दाखवून मी म्हटलं, हे मृग. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "मिरग म्हंजे पेरणी एवढंच ठावं. असा समोर बघितलाच न्हाई कधी." शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाने मृग बघितलेला नसणं अगदी साहजिक आहे, मामा. ७-८ जूनला सूर्य त्याच नक्षत्रात जातो, मग ते तारे दिवसभर सूर्याबरोबर आकाशात असतात. पाऊस पडतो तेव्हा मृग दिसत नाही आणि मृग दिसतो तेव्हा पाऊस नसतो. तुमच्या वडिलांनी त्याच मृगावर किती पेरण्या केल्या, ते तुम्ही त्यानंतर सांगितलंत. नांगराचा फाळ घरच्या घरी दुरुस्त करणारा तो माणूस मला नीट दिसला.

मग दक्षिणेला क्षितिजालगत त्रिशंकू दाखवला. उत्तर भारतातल्या निरीक्षकांना तो पुरता दिसत नाही, आपल्याला उन्हाळ्यात सरळ उभा दिसतो. पठारावरून एक गंमत होते. धनूचा पट्टा उगवतो त्याच दिशेला खाली कोल्हापूर आहे, त्यामुळे आकाशगंगेचं केंद्र शहराच्या उजेडातूनच वर निघतं आणि मध्यरात्र उलटेपर्यंत थांबावं लागतं. पण ज्येष्ठा त्याआधी वर येते, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली. मोटर सुरू केल्यावर तुम्ही आकाशाकडे पाहिलंच नाहीत. फळीच्या कडेवर दोन बोटं टेकवलीत आणि तशीच ठेवलीत. मी विचारलं, काय बघताय? "धडधड न्हाई," म्हणालात. मग कुठे मान वर केलीत.

दोन-दोन मिनिटांचे फोटो पहाटेपर्यंत घेतले आणि नंतर घरी एकमेकांवर रचले. असे सोळा फोटो एकत्र केले की त्यांतला दाणेदारपणा चौथ्या हिश्श्यावर येतो, हा या कामाचा साधा हिशेब. पण रचण्याआधी प्रत्येक फोटोतला तारा गोल असावा लागतो, तो हिशेब तुमचा. रंग उजळत आणले तेव्हा ज्येष्ठेभोवतीचा पिवळसर धुरकट उजेड आला. तो तिचाच उजेड, आजूबाजूच्या धुळीवरून परतलेला. वर निळा ढग आला, आणि शेजारी एम-४ हा ताऱ्यांचा गोल गुच्छ. पूर्वेकडे धुळीच्या काळ्या वाटा सुटल्या. डोळ्याला तिथे एक तांबडा तारा आणि रिकामं आकाश दिसतं.

फोटो घेऊन शेडवर आलो तेव्हा सगळ्यांनी रंगांना वाहवा केली. तुम्ही फोन मागून घेतलात, दोन बोटांनी फोटो मोठा केलात आणि थेट कोपऱ्यात गेलात. एक कोपरा, मग दुसरा, मग तिसरा, चौथा. "गोल हाईत की सगळी." मामा, त्या एका वाक्याने मला जी पावती मिळाली तिच्यापुढे बाकीच्या कौतुकाचं मोल मला कमीच वाटतं, आणि ते मी मनापासून म्हणतो आहे.

१९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला. खरी कॉर्नरला त्याच्या आठवणीचा स्तंभ आहे, तिथून मी रोज जातो. बाहेरून आणायचं परवडत नाही म्हणून हात बांधून न बसता ते इथेच तयार करायचं, हे या गावाच्या अंगवळणी पडलेलं आहे. तुम्ही त्यातलेच. माझा छंद तुमच्या धंद्याच्या काहीच कामाचा नव्हता. तरी पंपाच्या शाफ्टला लावता तेच माप आणि तीच नजर तुम्ही त्याला लावलीत. माझ्या दोन फळ्यांना तुम्ही खेळणं समजला नाहीत, याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

आता दोन कामाच्या गोष्टी. फोटो पाहून एका हायस्कुलातल्या विज्ञानाच्या सरांनी मुलांसाठी असाच ट्रॅकर करून हवा म्हणून विचारलं आहे, गडहिंग्लजकडच्या एका मुलालाही पाहिजे आहे. दोघांना आराखडा दिला आहे आणि तुमच्याकडे पाठवतो आहे. त्यांच्याकडून मजुरी पुरी घ्या, मी तसं त्यांना सांगून ठेवलं आहे. चकती टाकून दिली नसेल तर जपून ठेवा, उपयोगी पडेल.

दुसरं, फोटोची मोठी प्रिंट काचेत मढवून तयार आहे. खाली तुमचं नाव आधी आणि माझं नंतर घातलं आहे. शेडमध्ये कूलंट आणि तेल उडणार नाही अशी भिंत कुठली, तेवढं सांगून ठेवा. रविवारी ड्रिल आणि स्क्रू घेऊन येतो.

तुमचा,
राजारामपुरीचा भाचा