बंद पडलेली थेटरं पोरांना शूटिंगला द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात आता शॉर्टफिल्म आणि वेबसिरीज करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत, कॅमेरा भाड्यानं मिळतोय, एडिटिंग घरच्या कॉम्प्युटरवर होतंय, आणि दुसरीकडं आपली जुनी सिंगल स्क्रीन थेटरं एकेक करून कुलपं लावून बसलीत. व्हीनस कॉर्नरला तर थेटरचं नाव तेवढं चौकाला राहिलंय. जी अजून उभी आहेत त्यांच्यासाठी हे पत्र लिहितोय. माझं म्हणणं असं की बंद थेटरात, फक्त थेटरात, अगदी कमी पैशात एक जबरदस्त भीतीदायक थ्रिलर होऊ शकतो आणि तो कोल्हापूरच्या पोरांनी करावा, त्यासाठी थेटरमालकांनी आणि चित्रनगरीनं, म्हणजे आपल्या सरकारी स्टुडिओनं, त्यांना दार उघडून द्यावं.

भुताचा सिनेमा म्हटलं की आपल्याकडं पडका वाडा, विहीर, पिंपळ आणि पांढरी साडी, ह्यापलीकडं गाडी जात नाही. थेटराकडं त्या नजरेनं कुणी बघितलंच नाही. माझे थोरले चुलते इथल्याच एका टॉकीजला ऑपरेटर, म्हणजे सिनेमाचं मशीन चालवणारे होते, लहानपणी मी त्यांना डबा द्यायला वर केबिनमध्ये जायचो, त्यामुळं शो सुटल्यावर रिकामं थेटर कसं दिसतं हे मला माहीत आहे. शेकडो खुर्च्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून, आणि बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत कुणी बसलंय का हे खालनं कधीच कळत नाही. केबिनच्या भिंतीला ते लहान चौकोनी झरोके, त्यातनं आतला माणूस सगळ्यांना बघतो पण त्याला कुणी बघू शकत नाही. आणि पडद्याची मागची बाजू तर फार कमी लोकांनी बघितली असेल. स्पीकर पडद्यामागं असतात आणि आवाज नीट बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक बारीक भोकं असतात. मागं उभं राहिलं की चित्र उलटं दिसतं, पाटीवरची अक्षरं उलटी, डावा माणूस उजवीकडं. तिथं कुणी लपून उभं आहे आणि पुढं हाऊसफुल्ल पब्लिक बसलंय, एवढ्यावर एक अख्खा सीन उभा राहतो की नाही सांगा!

रिळांच्या काळातली गोष्ट घेतली तर आणखी मजबूत. ३५ एमएमचं हजार फुटाचं रीळ साधारण ११ मिनिटं चालतं, कितीतरी थेटरात दोन मशीन असायची, एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बारका ठिपका चमकायचा आणि ऑपरेटरनं त्याच वेळी दुसरं मशीन चालू करायचं, चुकलं की पडदा पांढराफेक आणि खालनं शिट्ट्या. म्हणजे हा माणूस केबिन सोडून जाऊच शकत नाही. आता समजा लास्ट शो चालू आहे, झरोक्यातनं त्याला खाली काहीतरी भयंकर घडताना दिसलं आणि पुढचा ठिपका यायला दोन मिनिटं आहेत, त्यानं काय करायचं? खाली पळायचं की मशीनपाशी थांबायचं? हा ताण जागेनंच तयार करून दिलाय, त्याला मेकअप लागत नाही, ग्राफिक्स लागत नाही. सॅटेलाइटवरनं सिनेमा यायला लागल्यापासनं हे सगळं संपलं पण बऱ्याच बंद थेटरांच्या केबिनमध्ये जुनी मशीनं अजून धूळ खात उभी आहेत, भंगारात जायच्या आधी निदान कॅमेऱ्यात तरी येऊ देत.

पैशाचं बघितलं तरी हेच फायद्याचं आहे. एकच लोकेशन, म्हणजे रोज गाड्या भरून युनिट इकडनं तिकडं न्यायचं नाही. हॉलला खिडक्याच नाहीत त्यामुळं भर दुपारी रात्रीचा सीन घेता येतो, नाइट शिफ्टचा खर्च वाचला. मॅनेजरची केबिन मेकअपला, पार्किंग आहेच, आणि चारपाच चांगले नट, ते तर आपल्या नाटकवाल्यांत ढिगानं मिळतील. वाचलेला पैसा मात्र साउंडवर घालायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. खुर्चीची स्प्रिंग वाजणं, बाहेरच्या शटरचा आवाज, एक्झॉस्ट फॅनची घरघर, डोअरकीपरच्या चपला. हा सिनेमा बघणारं पब्लिकही थेटरातच, तशाच अंधारात, तशाच खुर्च्यांवर बसलेलं असणार, हॉलच्या मागच्या भिंतीवरच्या स्पीकरमधनं खुर्ची वाजली की माणूस मागं वळून बघणारच. मोबाइलवर ही भीती मिळूच शकत नाही आणि म्हणूनच असल्या सिनेमासाठी लोक घरातनं उठून तिकीट काढतील असं मला मनापासनं वाटतं.

हे काय नुसतं स्वप्न नाही. अमेरिकेत पीटर बोगदानोविच नावाचा पोरगा, त्याला प्रोड्युसर रॉजर कॉर्मननं सांगितलं की बोरिस कार्लोफ ह्या म्हाताऱ्या नटाचे दोन दिवस माझ्याकडं शिल्लक आहेत, ते वापर आणि थोडक्या पैशात सिनेमा कर. त्यानं १९६८ साली आलेल्या त्या ‘टार्गेट्स’ सिनेमाचा शेवट ड्राइव्ह-इन थेटरातच, म्हणजे गाडीत बसून बघायच्या उघड्या थेटरात घेतला, पडद्यामागनं बंदूकवाला पब्लिकवर गोळ्या झाडतोय असा. आजही त्याचं नाव घेतलं जातं. लांब कशाला, रामसे बंधूंनी १९७२ चा त्यांचा पहिला भुताचा सिनेमा आपल्या शेजारी महाबळेश्वरला जाऊन, घरच्याच माणसांचं युनिट करून उरकला आणि तो चालला. आणि कोल्हापूरला तर हे कुणी शिकवायलाच नको. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः इथं तयार केला आणि १९२० च्या ‘सैरंध्री’त भीमानं कीचकाला मारल्याचा सीन इतका खरा घेतला की पब्लिक हादरलं, सेन्सॉरनं तो कापायला लावला. म्हणजे पडद्यावर माणसाला घाबरवायची कला ह्या गावात शंभर वर्षांपूर्वी होती! आपण वर्षानुवर्षं नुसते फलक आणि पुतळे बघून अभिमान बाळगतोय.

काही लोक म्हणतील की भुताखेताचा सिनेमा म्हणजे अंधश्रद्धा. हा मुद्दा मला पटतो, म्हणूनच मी थ्रिलर म्हणतोय. शेवटी भूत निघण्यापेक्षा माणूस निघाला, जागेसाठी कुणीतरी मुद्दाम थेटराची बदनामी करतोय असं निघालं तर ते जास्त भीतीदायक आहे आणि खरंही वाटेल. आणि एक विनंती लिहिणाऱ्या पोरांना, डोअरकीपर, झाडलोट करणारी मावशी, कँटीनवाला ह्यांना उगाच राक्षस करू नका. थेटर बंद पडल्यावर सगळ्यात आधी ह्यांचेच संसार उघड्यावर पडले.

आगीचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्यावं. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपल्या डोळ्यादेखत जळालं, शाहू महाराजांनी बांधलेली १९१५ ची वास्तू, ते बघून गावातली मोठी मोठी माणसं रस्त्यावर रडत होती. जुन्या थेटरात लाकूड, फोम, कापडी पडदे आणि जुनाट वायरिंग एकत्र असतं. त्यामुळं जुन्या लाइनवर शूटिंगचे लाइट लावायचेच नाहीत, वेगळी केबल ओढायची, खरी आग, मशाली, फटाके अजिबात नकोत आणि बाहेर पडायची सगळी दारं शूटिंग चालू असताना कुलपाशिवाय पाहिजेत. सीनमध्ये दार बंद दाखवायचं असलं तरी ते खोटंच बंद पाहिजे.

माझा भाचा आणि त्याच्या मित्रांनी अशी एक गोष्ट लिहून काढलीय. एका मालकांकडं विचारायला गेली तर त्यांनी दिवसाचं जे भाडं सांगितलं ते पोरांच्या अख्ख्या सिनेमाच्या बजेटएवढं होतं, दुसरीकडं तर वॉचमननं गेटच्या आत घेतलं नाही. मालकांचीही अडचण मला कळते, प्रॉपर्टीचे वाद असतात, टॅक्स थकलेला असतो, काही झालं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न असतोच. पण म्हणूनच मोरेवाडीच्या चित्रनगरीनं मध्ये पडावं. जी थेटरं द्यायला मालक तयार आहेत त्यांची यादी करावी, लहान युनिटसाठी दिवसाचा परवडणारा दर ठरवून द्यावा, इन्शुरन्स आणि फायर तपासणी झाल्याशिवाय परवानगी नाही असा नियम ठेवावा आणि डिपॉझिट चित्रनगरीकडंच जमा असावं म्हणजे मालक निर्धास्त. आपला जुना जयप्रभा स्टुडिओ वाचवायला जे कलाकार, तंत्रज्ञ रस्त्यावर उतरले होते त्यांनी ह्यासाठीही जोर लावावा, अशी हात जोडून विनंती. आपल्या पेपरनं मालकांचं म्हणणं काय आहे ते विचारून छापलं तर ह्या कामाला सुरुवात होईल.

आपला,
एक सिनेमाप्रेमी वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर