दुसरा चेंडू पांढरा निघाला तर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

सशर्त संभाव्यतेचे, म्हणजे एक गोष्ट घडल्याचे कळल्यावर दुसरीची शक्यता काढण्याचे, सूत्र तोंडपाठ असूनही उत्तरे चुकतात, असे तू फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलेस, म्हणून तुझ्या वहीची पाने मी सावकाश वाचली. आकडेमोड कुठेही चुकलेली नाही. अडते ते ‘अट’ या शब्दाचा अर्थ लावताना.

पिशवीत दोन पांढरे आणि दोन काळे चेंडू असून, परत न ठेवता एकामागून एक दोन काढायचे आहेत. पहिला पांढरा असेल तर दुसरा पांढरा असण्याची संभाव्यता तू अचूक १/३ काढलीस. परंतु दुसरा पांढरा निघाल्याचे कळल्यावर पहिला पांढरा असण्याची संभाव्यता तू १/२ लिहिलीस आणि कारण दिलेस, की नंतरच्या चेंडूचा आधीच्यावर परिणाम होत नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील रूमा फाल्क यांनी १९७९ मध्ये याच चुकीविषयी लिहिले होते, तेव्हा ती तुझ्या एकटीची आहे असे मनात आणू नकोस.

परिणाम होत नाही हे खरेच; पण प्रश्न आपल्याला मिळालेल्या माहितीचा आहे. जो पांढरा चेंडू दुसऱ्या वेळी हाती आला, तो पहिल्या वेळी निघालेला असूच शकत नाही. म्हणजे पहिला चेंडू उरलेल्या तिघांपैकी होता आणि त्यांत पांढरा एकच आहे. उत्तर पुन्हा १/३. खात्री पटत नसेल तर चारही चेंडूंना क्रमांक देऊन बारा क्रमित जोड्या, म्हणजे आधी कोणता व नंतर कोणता हे धरून केलेल्या जोड्या, लिही. दुसरा पांढरा असलेल्या सहा सापडतील आणि त्यांपैकी दोनच जोड्यांत पहिलाही पांढरा असेल.

आजाराच्या चाचणीच्या गणितात तू अट आणि घटना यांची अदलाबदल केलीस. समज, १००० माणसांत १० आजारी आहेत, चाचणी त्यांतल्या ९ जणांना ओळखते आणि ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांनाही चुकून आजारी ठरवते. आजारी माणसाची चाचणी होकारार्थी येण्याची संभाव्यता ९/१० आहे, तर होकारार्थी आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची ९/१०८, म्हणजे केवळ १/१२. डॉक्टरांसमोर बसलेल्या घाबरलेल्या माणसाला हा फरक कळायलाच हवा, असे मला मनापासून वाटते.

आता वहीतले तिसरे उदाहरण सूत्राला हात न लावता, माणसे मोजूनच सोडव आणि रविवारपर्यंत मला पाठव.

तुझे,
बाबा