इंदूरच्या रिंगची तारीख सांगा: अणुऊर्जा राज्यमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

मा. राज्यमंत्री,
अणुऊर्जा विभाग, भारत सरकार

महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरला इलेक्ट्रॉन गोल पळवून क्ष-किरण देणारी एक रिंग आहे. तिच्या शेजारी नवी, मोठी रिंग कधी होणार, हे विचारायचं आहे. सुरुवात मात्र शेतापासून करतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत फवारायचं बुरशीनाशक बोर्डो मिश्रण करताना शेतकरी एक जुनी परीक्षा घेतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. ढवळून झालं की घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडलाय, तांबं मोकळं आहे आणि फवारलं तर पानं करपतील. मग अजून थोडी चुन्याची निवळी, आणि पुन्हा विळा. मी नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. इतका स्वस्त आणि इतका चोख प्रयोग आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये एकही नाही.

टाकीतल्या तांब्याचं विळा सांगतो. मातीतल्याचं कोण सांगणार? द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी वर्षानुवर्षं मारलेलं तांबं कुजत नाही की उडून जात नाही, वरच्या वितीत साठत राहतं. माती परीक्षणाच्या कागदावर आकडा येतो. डीटीपीए नावाच्या रसायनाच्या द्रावणात जेवढं सुटलं तेवढं मुळाला मिळेल, असा तो अंदाज असतो, आणि कामचलाऊ म्हणून ठीकही असतो. पण ते तांबं सेंद्रिय पदार्थाला धरून बसलंय, चुनखडीला चिकटलंय की लोहाच्या ऑक्साइडवर, हे त्यातून कळत नाही. बाग काढून तिथे टोमॅटो लावायचा असेल, तर नेमकं तेच कळायला हवं.

ते क्ष-किरणांनी कळतं. किरणांची ऊर्जा ८.९८ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास हळूहळू वाढवत न्यायची. तिथे तांब्याचं शोषण एकदम उसळी घेतं आणि पुढे आलेखावर बारीक लाटा उठतात. अणूच्या शेजारी ऑक्सिजन आहे की गंधक, आणि किती अंतरावर, हे त्या लाटांमध्ये लिहिलेलं असतं. त्यासाठी हवी ती ऊर्जा निवडता येईल असा प्रखर किरण लागतो. दवाखान्यातल्या एक्स-रे ट्यूबचं ते काम नव्हे. आपल्या देशात असा किरण देणारं यंत्र एकच आहे, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातली रिंग, इंडस-२. तिच्यात फिरणारे इलेक्ट्रॉन चुंबकांनी वळवले की क्ष-किरण सोडतात.

म्हणून दोन विद्यार्थी आणि मातीचे डबे घेऊन मी रात्रीच्या बसने निघालो. आग्रा रोडच तो, मालेगाव, धुळे, सेंधवा करत सकाळी इंदूर. (मनमाड-इंदूर रेल्वेला सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. ती होईल तेव्हा होईल.) प्रस्ताव मंजूर झाला की कॉलेजवाल्यांना तिथे बीमटाइमचे, म्हणजे किरण वापरायच्या वेळेचे, पैसे पडत नाहीत, हे इथे मुद्दाम नोंदवतो. फुकट आणि चांगलं असं सरकारी काम फार ठिकाणी पाहायला मिळत नाही.

पहिला दिवस अगेटच्या खलात माती घोटण्यात गेला. पिठासारखी झाली की सेल्युलोजमध्ये मिसळून दाबायची, गोळीला कॅप्टॉन प्लास्टिकची पिवळी टेप लावायची आणि किरणासमोर ठेवायची. माझ्या विद्यार्थिनीने पहिल्या तीन गोळ्या मोडल्या, चौथी टिकली. रात्री अडीचला स्क्रीनवर तांब्याची उसळी दिसली, तेव्हा ती एकदम म्हणाली, "सर, विळ्यावर थर चढला!" तेव्हापासून आमच्याकडे इंडस-२ चं नाव 'मोठा विळा' पडलंय.

हा विळा आता जुना झालाय, हे सांगायला हे पत्र आहे.

यंत्र वाईट नाही. १७२.५ मीटर परिघाची ही रिंग २००५ मध्ये सुरू झाली. आपल्या लोकांनी उभी केली आणि तेच ती रात्रंदिवस चालवतात. अडचण तिच्या जन्मातच आहे. आधीचं यंत्र इलेक्ट्रॉन ५५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पळवून रिंगेत सोडतं, पुढे २.५ गीगापर्यंत रिंगेलाच चढवावे लागतात. त्यामुळे चालू प्रयोगात थोडे थोडे इलेक्ट्रॉन भरता येत नाहीत. बीम हळूहळू ओसरतो, मग सगळं थांबवून नव्याने भरायचं, शटर बंद, आपण चहा प्यायचा. जगातल्या नव्या रिंगांमध्ये पूर्ण ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरचेवर भरत राहतात आणि प्रकाश तासन् तास एकसारखा राहतो.

खरी कमतरता त्याहून मोठी आहे. आम्हाला गोळीतल्या मातीची सरासरी मिळाली. विचारायचं होतं ते मुळाच्या पांढऱ्या केसाभोवतीच्या मातीबद्दल. तांबं मुळाच्या आत शिरतं की सालीवरच अडतं? त्यासाठी किरण मायक्रोनच्या ठिपक्यात आवळावा लागतो, आणि इंडस-२ वर तो आवळला की ठिपक्यात उजेड फारसा उरत नाही. मायक्रोफोकसची सोय तिथे आहे, माणसं तर फारच तयारीची आहेत. पण मुळातच पसरट असलेला झोत आवळायलाही मर्यादा आहेत.

नाशिककराला हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. पाटाने पाणी सोडलं तर सगळं वावर भिजतं, झाडाला किती मिळालं देव जाणे. ठिबकने तेवढंच पाणी थेट मुळाशी पडतं. इलेक्ट्रॉनांचा झोत किती पसरट, याला एमिटन्स म्हणतात. इंडस-२ च्या आराखड्यात तो ५८ नॅनोमीटर-रेडियन आहे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या युरोपियन रिंगेत तो आधीच ४ होता. २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी यंत्र बंद केलं, जुन्याच बोगद्यात हजारावर नवे चुंबक बसवले आणि ऑगस्ट २०२० मध्ये संशोधकांना परत बोलावलं. आता तो ०.१३ च्या आसपास आहे आणि प्रकाश जवळपास शंभरपट तेजस्वी. शिकागोजवळच्या अर्गोन प्रयोगशाळेने एप्रिल २०२३ मध्ये आपली रिंग थांबवून तोच मार्ग धरला. त्यांचा खर्च ८१.५ कोटी डॉलर, म्हणजे आपले साडेसहा-सात हजार कोटी.

मग इंदूरलाही जुन्या बोगद्यात नवे चुंबक बसवा, असं कोणी आपल्याला सुचवेल. ते ऐकू नका. वळण देणारे चुंबक जितके जास्त, तितकं प्रत्येक वळण सौम्य आणि झोत बारीक. हिशेब घनाचा आहे. चुंबक दुप्पट केले तर पसारा आठव्या हिश्शावर येतो. ग्रेनोबलचा परिघ ८४४ मीटर, तिथे जागा होती. आपल्या १७२.५ मीटरमध्ये वळणाचे चुंबक १६, आणखी किती कोंबणार? लहान खोलीत भिंती पाडून वाडा होत नाही. सुधारणा करायची तर आपल्याला शेजारी नवी, मोठी रिंगच बांधावी लागेल. चौथ्या पिढीच्या अशा स्रोताची चर्चा देशात बरीच वर्षं चालू आहे. चर्चेवर किरण पडत नाहीत.

यात आपला एक फायदाही आहे. ग्रेनोबलला वीस महिने सगळ्यांनी हात बांधून बसावं लागलं. आपली नवी रिंग वेगळ्या बोगद्यात उभी राहील आणि तोवर इंडस-२ चालू ठेवता येईल. फक्त नवं बाळ येणार म्हणून थोरल्याच्या ताटातलं काढू नका. सुट्या भागांचे, माणसांचे, बीमलाइनच्या (किरण प्रयोगापर्यंत आणणाऱ्या वाटेच्या) दुरुस्तीचे पैसे कापले, तर पाच-सात वर्षांत देशातल्या कॉलेजांची एक पिढी या कामातून उठून जाईल आणि नव्या रिंगेवर बसायला माणूस उरणार नाही.

श्रीमंत देशांची उदाहरणं कशाला, असं वाटत असेल तर ब्राझील पाहा. त्यांची पहिली रिंग १९९७ मध्ये संशोधकांना खुली झाली, आपली इंडस-१ साधारण त्याच सुमाराला, १९९९ मध्ये. दोघेही एकाच बाकावरचे. त्यांनी कांपिनासला त्याच आवारात ५१८ मीटरची 'सिरियस' बांधली. २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, विषाणूच्या प्रथिनांसाठी तिची पहिली बीमलाइन खुली केली. सिरियसचे चुंबक विजेच्या मोटर बनवणाऱ्या एका ब्राझिलियन कंपनीने घडवले. हे वाचून मला नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या शेड आठवल्या. पंधरा-वीस मायक्रोनचं काम रोज करणारे सीएनसीवाले इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यापर्यंत टेंडर पोचतं ते त्यांना न झेपणाऱ्या अनामत रकमेसकट आणि न समजणाऱ्या भाषेत. लहान कामांचे तुकडे पाडून द्या, आधी नमुना करून घ्या, मग बोली मागवा.

परदेशात जा, हा सल्लाही मिळतो. हॅम्बर्ग, त्रिएस्ते आणि जपानच्या त्सुकुबात भारतीयांसाठी वेळ मिळवण्याची सोय सरकारने केली, ती उपयोगी ठरली आहे. पण आमचा माल माती. ती परदेशात न्यायची म्हणजे क्वारंटाइनचे कागद, आणि प्रश्न असा की द्राक्षाच्या खरड छाटणीनंतर एकदा आणि ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा पाहावं लागतं. दर हंगामाला जर्मनीचं तिकीट काढायची ऐपत कुठल्या जिल्ह्याच्या कॉलेजात आहे? आग्रा रोडची बस आम्हाला परवडते.

आपल्या विभागाचा कारभार थेट पंतप्रधानांकडे आहे आणि संसदेत उत्तरं आपण देता. म्हणून मागणं आपल्याकडे. नव्या रिंगला मंजुरी कधी, जागेची आखणी कधी, पहिला किरण कोणत्या वर्षी, हे सभागृहात सांगा. तारीख पुढे गेली तर तीही सांगा, आम्ही समजून घेऊ. आणि बीमलाइन ठरवताना शेती-मातीसाठी एक मायक्रोफोकसची बीमलाइन पहिल्या टप्प्यातच धरा, 'पुढे पाहू'च्या यादीत नको.

ज्या काकांच्या बागेतली माती आम्ही नेली, ते दिंडोरीला भेटले की विचारतात, "सर, त्या मोठ्या विळ्याचं काय झालं?" गेल्या वेळी मी म्हणालो, अजून धार लावायची आहे. ते म्हणाले, "मग लावा की, सांगायला काय येताय."

आपला,
नाशिकमधला एक रसायनशास्त्राचा प्राध्यापक